सीजीपीए ६.८ असताना एमएसचा अर्ज

सप्टेंबर उजाडला की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले स्टाफरूमच्या दाराशी घुटमळू लागतात. ज्यांचा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची दहापैकी सरासरी, नऊच्या पुढे असतो ती सरळ आत येतात, शिफारसपत्राचे बोलतात आणि निघून जातात. घुटमळतात ती साडेसहा ते सव्वासातच्या पट्ट्यातली. "मॅडम, सिक्स पॉइंट एट आहे, एक बॅकलॉगही होता, बाहेर होईल का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणेच बरे. हे लिखाण प्रामुख्याने अमेरिकेतील एमएसच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, अर्जांविषयी आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तिकडेच जायचे असते. जर्मनीचा विषय मध्येच येईल, कारण तिथला हिशेब अगदी वेगळा आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे मुले हकनाक पैसे घालवतात.

माझे म्हणणे असे आहे की कमी गुणांचे स्पष्टीकरण वाचण्यात प्रवेश समितीला फारसा रस नसतो; तिला त्या गुणांच्या नंतरचा पुरावा पाहायचा असतो. हा पुरावा ज्या विषयात गुण पडले त्याच विषयातला, नंतरच्या काळातला आणि तिसऱ्या माणसाला तपासून पाहता येईल असा असावा लागतो. या तीनपैकी एक जरी गोष्ट नसेल तरी अर्जाला फुगवटा येतो, वजन येत नाही.

पण त्याआधी आपला आकडा नेमका काय सांगतो ते नीट समजून घ्यायला हवे, कारण इथेच पुष्कळांची गाडी अडते. ६.८ ला दहाने भागून चारने गुणले की २.७२ येते, आणि अमेरिकेतील बहुतेक ग्रॅज्युएट स्कूलची किमान अट चारपैकी ३.० ची असते, त्यामुळे मुलगा तिथेच हातपाय गाळतो. हा गुणाकार करू नये. आपल्याकडे ४० टक्क्यांना उत्तीर्ण करतात आणि टक्केवारीच्या जुन्या पद्धतीत पुणे विद्यापीठ ६६ टक्क्यांना विशेष प्रावीण्य देत असे. अमेरिकेतील मोजपट्टी या पट्टीशी सरळ प्रमाणात जुळतच नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये ६.७५ पासून प्रथम श्रेणी आणि ७.७५ पासून विशेष प्रावीण्य धरले जाते. म्हणजे ६.८ वाला विद्यार्थी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेला असतो, आणि हे वाचणाऱ्याला कळावे यासाठी श्रेणींचा तक्ता अर्जासोबत जायला हवा. हा तक्ता बहुधा गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो आणि मुले नेमकी तीच बाजू स्कॅन करायची विसरतात. बहुतेक विद्यापीठे अर्जातच सांगतात की गुण मूळ मोजपट्टीवर भरा, स्वतः रूपांतर करू नका. काही ठिकाणी वेससारख्या, परदेशी पदव्यांची तुल्यता ठरवणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन मागतात. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनाशुल्क अंदाज काढता येतो आणि तो काढल्यावर अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

दुसरी गोष्ट अशी की सगळीकडे आठही सत्रांची सरासरी पाहत नाहीत. अर्बाना-शॅम्पेन येथील इलिनॉय विद्यापीठाचे ग्रॅज्युएट कॉलेज ३.० ची किमान अट पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांना लावते, तर विस्कॉन्सिन-मॅडिसनमध्ये शेवटची ६० क्रेडिट्स धरतात. विभागांच्या स्वतःच्या अटी याहून कडक असू शकतात हे खरे, परंतु कोणत्या सत्रात किती गुण पडले याला किती महत्त्व आहे ते यावरून कळते. समजा एखाद्याचे एसजीपीए, म्हणजे एकेका सत्राची सरासरी, अनुक्रमे ५.९, ६.१, ६.०, ६.६, ७.१, ७.४, ७.७ आणि ७.६ असे आहेत. सर्व सत्रांना सारखी क्रेडिट्स धरली तर सरासरी ६.८ येते, पण शेवटच्या चार सत्रांची ७.४५ येते. हेच आकडे उलट्या क्रमाने असते तरी सीजीपीए ६.८ च राहिला असता, मात्र तो अर्ज मी फार काळजीने हाताळला असता. चढत्या क्रमाचा विद्यार्थी सीजीपीएच्या रकान्यात स्वतःचे नुकसान करून घेतो आणि बाकीच्या अर्जात त्या चढाचा उल्लेखही करत नाही, हे मला दरवर्षी दिसते. एका ओळीचे काम आहे: "शेवटच्या चार सत्रांची सरासरी ७.४५." एवढेच लिहावे. त्यावर भाष्य करू नये.

जर्मनीत मात्र अशी सवड फारशी मिळत नाही. तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. कमाल १० आणि किमान उत्तीर्ण ४ धरले तर ७.० चे २.५ होतात आणि ६.८ चे २.६. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि ज्या अभ्यासक्रमाने २.५ ची मर्यादा घातली आहे तिथे २.६ वाल्याचे निवेदन (स्टेटमेंट ऑफ पर्पज) कितीही सरस असले तरी ते उघडले जाण्याची शक्यता नगण्य असते. तुमच्या गुणपत्रकावर किमान उत्तीर्ण गुण ४ ऐवजी ५ असतील तर ६.८ चे थेट २.९२ होतात, म्हणून गुणपत्रकाची मागची बाजू इथेही वाचावी. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्रही लागते, त्याचे शुल्क आणि वेळ वेगळा. तेव्हा जर्मनीचा अर्ज करण्यापूर्वी दहा मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन हे सूत्र मांडावे. ज्या अभ्यासक्रमांना स्वतःची अभियोग्यता चाचणी किंवा मुलाखत आहे ते निवडावेत आणि जिथे नुसता आकडा चालतो त्यांचा नाद सोडावा.

आता पुराव्याकडे येते. गुणपत्रक वाचणारा प्राध्यापक असेल तर तो ते ओळीओळीने वाचतो. ज्याला डेटा सायन्सला जायचे आहे त्याचे पहिल्या वर्षाच्या ग्राफिक्समधले किंवा मेकॅनिक्समधले गुण कोणी फारसे मनावर घेत नाही, पण एम-थ्रीला, म्हणजे अभियांत्रिकी गणित-३ ला, केटी लागली असेल, म्हणजे त्यात नापास होऊन तो पेपर पुन्हा द्यावा लागला असेल, तर ती नजरेत भरते, कारण संगणक शाखेच्या एम-थ्रीमध्ये संख्याशास्त्र आणि संभाव्यता असते आणि पुढचा सगळा डोलारा त्यावरच उभा असतो. म्हणून मी मुलांना पहिल्यांदा एक काम देते. ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे त्याचे पहिल्या सत्रातले विषय एका कागदावर लिहा, त्यांच्या समोर त्यांना लागणारे आपले विषय आणि त्यातले गुण लिहा. या कागदावर जिथे खड्डा दिसतो तिथेच माती टाकायची आहे. इतरत्र टाकलेली माती वाया जाते.

हा खड्डा भरण्याचा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे एनपीटीईएलचे ऑनलाइन अभ्यासक्रम. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक हे अभ्यासक्रम शिकवतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याचे स्वाध्याय असतात, त्यांना २५ टक्के भार असतो, आणि उरलेले ७५ टक्के केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, देखरेखीखाली द्यावयाच्या परीक्षेला असतात. परीक्षेचे शुल्क हजार रुपयांच्या आसपास असते. साठपासून एलिट, पंचाहत्तरपासून एलिट-सिल्व्हर आणि नव्वदपासून एलिट-गोल्ड असे प्रमाणपत्रावर लिहून येते. देखरेखीखालची परीक्षा हा यातला कळीचा भाग आहे. घरबसल्या व्हिडिओ पुढे ढकलून मिळवलेली प्रमाणपत्रे आणि हे प्रमाणपत्र यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि अर्जात तो फरक स्वतः सांगावा लागतो, कारण परदेशातील वाचणाऱ्याला तो ठाऊक असेलच असे नाही. 'केंद्रावर घेतलेली परीक्षा, भार ७५ टक्के' एवढे कंसाशिवाय, सरळ वाक्यात लिहावे. संभाव्यतेत नापास झालेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांनी संभाव्यतेच्याच अभ्यासक्रमात ८० च्या पुढे गुण मिळवले असतील तर एम-थ्रीची ती ओळ वेगळी वाचली जाते. मात्र ५५ गुणांचे प्रमाणपत्र जोडू नये. ते जोडणे म्हणजे जुन्या संशयावर स्वतःच शिक्का मारणे होय.

याच्या पुढची पायरी म्हणजे क्रेडिट मिळवून देणारे शिक्षण, आणि इथे गेल्या दहा-बारा वर्षांत खरोखरच दारे उघडली आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेने कोर्सेराच्या माध्यमातून संगणकशास्त्र, डेटा सायन्स आणि विद्युत अभियांत्रिकीच्या एमएससाठी अशी पद्धत ठेवली आहे की जुने गुणपत्रक मागितलेच जात नाही. सुरुवातीचे ठरावीक विषय शुल्क भरून घ्यायचे, त्यात बी किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळवायची, की प्रवेश पक्का. जॉर्जिया टेकचा २०१४ साली सुरू झालेला संगणकशास्त्राचा ऑनलाइन एमएस हा सात हजार डॉलरच्या आसपास पूर्ण होतो आणि त्याच्या अर्जाला जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागत नाही. तिथे प्रवेशानंतर पहिल्या बारा महिन्यांत दोन पायाभूत विषयांत बी मिळवून दाखवावी लागते, म्हणजे खरी चाळणी आत गेल्यावर लागते. अर्थशास्त्राकडे वळू पाहणाऱ्यांसाठी एमआयटीचा डेटा, अर्थशास्त्र आणि धोरणरचनेचा मायक्रोमास्टर्स हा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, ज्यातील कामगिरीवर तिथल्या मास्टर्सचा प्रवेश अवलंबून असतो. तो उभा करणाऱ्यांत नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आहेत, ज्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. हे सांगितले की आमच्याकडचे पालक अभ्यासक्रमाकडे अधिक आस्थेने पाहू लागतात, असा माझा अनुभव आहे. देशातच राहायचे असेल तर आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएसला जेईई लागत नाही. चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यायची असते.

"पण मॅडम, ऑनलाइनला काय किंमत?" असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते की नोकरी सांभाळून असे दोन-तीन विषय चांगल्या श्रेणीत पूर्ण केलेल्या माणसाचा प्रत्यक्ष जाऊन शिकण्याचा अर्ज हा पदवीच्या जुन्या गुणांवर एकट्याने उभा राहत नाही. परदेशी विद्यापीठाच्याच श्रेणीत, परदेशी विद्यापीठाच्याच परीक्षेत तुम्ही काय केले हे त्यात दिसते. हातात घ्यावे असे याहून सोयीचे उत्तर मला माहीत नाही.

नोकरीतला पुरावा वेगळ्या जातीचा असतो आणि तो मांडायला अवघड जातो, म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. यांत्रिकी शाखेचा माझा एक विद्यार्थी पदवीनंतर चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागात लागला. एम-थ्रीला त्याची केटी होती, आणि त्या पेपरात तो अडला होता तो फूरिए रूपांतराच्या प्रश्नात. कारखान्यात एका यंत्राच्या स्पिंडलचे बेअरिंग वारंवार खराब होत असे आणि ते तुटल्यावरच कळत असे. या मुलाने स्पिंडलच्या आवरणावर कंपन मोजणारा संवेदक बसवला, रोज पाळी बदलण्याच्या वेळी नोंद घेतली आणि त्या नोंदींचे वारंवारतेनुसार पृथक्करण करून बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला तडा गेल्यावर कोणत्या वारंवारतेला उंचवटा दिसतो हे शोधले. त्यासाठी त्याला तेच फूरिएचे प्रकरण पहिल्या पानापासून पुन्हा वाचावे लागले. त्याने केलेले काम जगात नवे नव्हते. कंपनावरून बेअरिंगची तब्येत ओळखणे ही जुनी विद्या आहे. पण ते त्याने स्वतः केले होते, त्याच्या वहीत तारखांसह नोंदी होत्या, आणि त्याचा वरिष्ठ त्याबद्दल दोन परिच्छेद लिहू शकत होता.

त्याने मला दाखवलेल्या पहिल्या मसुद्यात मात्र यातले काहीच नव्हते. त्यात लिहिले होते: "दुर्दैवाने तिसऱ्या सत्रात कौटुंबिक अडचणी आणि प्रकृतीच्या कारणांमुळे मला माझ्या क्षमतेनुसार कामगिरी करता आली नाही, तरी मी अत्यंत मेहनती आणि जिज्ञासू असून संधी मिळाल्यास तिचे सोने करीन." हे वाक्य मी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत इतक्या वेळा वाचले आहे की लिहिणाऱ्याचा चेहराही त्यात दिसत नाही. अडचणी खऱ्या असतील, असतातही. पण वाचणाऱ्याला त्या तपासता येत नाहीत आणि 'मेहनती' हे विशेषण ज्याने त्याने स्वतःला लावलेले असते. आम्ही तो परिच्छेद काढून टाकला. त्याच्या जागी आले ते असे: "तिसऱ्या सत्रात अभियांत्रिकी गणित-३ मध्ये मी अनुत्तीर्ण झालो आणि पुढील परीक्षेत उत्तीर्ण झालो. त्या पेपरातील फूरिए रूपांतराचा उपयोग मी पुढे स्पिंडलच्या बेअरिंगमधील बिघाड आधी ओळखण्यासाठी केला. त्या कामाचे तपशील खाली आहेत." तीन वाक्ये. कारण नाही, क्षमायाचना नाही, आणि 'दुर्दैवाने' नाही. त्यानंतर निवेदनाचा मोठा भाग स्पिंडलवर आणि त्यातून त्याला पडलेल्या प्रश्नांवर गेला: एकाच वेळी दोन दोष असतील तर ते वेगळे कसे ओळखायचे, यंत्राचा वेग बदलता असेल तर काय करायचे. ज्या विभागांत कंपनशास्त्रावर काम चालते त्यांच्या दृष्टीने हे प्रश्न विचारणारा विद्यार्थी ६.६ चा आहे की ८.६ चा, ही गोष्ट दुय्यम ठरू शकते.

एक अपवाद नोंदवते. मोठे आजारपण, घरातला मृत्यू, अपघात यांसारखे कागदोपत्री दाखवता येणारे कारण असेल आणि ते विशिष्ट सत्रापुरतेच असेल, तर अर्जात जादा माहितीसाठी वेगळा रकाना असतो, तिथे तारखांसह तीन-चार ओळी लिहाव्यात. मुख्य निवेदनात ते आणू नये.

कारखाना नसेल तर प्रयोगशाळा. पुण्यात राहणाऱ्यांना याचे भाग्य किती मोठे आहे ते कळत नाही: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, आयुका, खोडदच्या महादुर्बिणीचे काम पाहणारे एनसीआरए आणि सी-डॅक अशा संस्था एका शहरात आहेत, आणि यांतल्या प्रकल्पांवर कंत्राटी मदतनिसांच्या जागा निघतात, त्यांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात. वेतन बेताचे असते, काम मुदतीचे असते, पण वर्षभरानंतर ज्याने तुम्हाला रोज काम करताना पाहिले आहे असा शास्त्रज्ञ तुमच्याविषयी लिहू शकतो. संगणकवाल्यांना गूगल समर ऑफ कोड हा मार्ग आहे; मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी २००५ पासून चालणारा हा उपक्रम २०२२ पासून केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही, आणि तिथे गुणपत्रकापेक्षा तुमचा प्रस्ताव आणि तुम्ही लिहिलेला कोड पाहतात. ज्या प्रकल्पात कोड दिला त्याची नोंद तारखेसह सर्वांना दिसते, आणि तपासता येणारा पुरावा म्हणजे काय याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

जे करू नये त्याबद्दल मला थोडे रागानेच लिहावे लागेल. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तयार विकत आणायचा आणि तोच अर्जात मुख्य काम म्हणून मिरवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. असा प्रकल्प गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर चढवला जातो तो एका रात्रीत, एकाच वेळी. सहा महिन्यांचे काम म्हटल्यावर सहा महिन्यांच्या नोंदी दिसायला हव्यात, एवढे तर कोणालाही कळते. दुसरा प्रकार पैसे भरून छापल्या जाणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकांचा. लेख पाठवल्यापासून चार दिवसांत स्वीकृती, सोबत प्रमाणपत्र, आणि मार्गदर्शक म्हणून आमच्यापैकीच कोणाचे तरी नाव. काही महाविद्यालये तर प्रकल्पाच्या गुणांसाठी असा लेख सक्तीचा करतात, आणि मग मुलांचा तरी काय दोष? तरीही सांगते, संशोधन करणाऱ्या माणसाला नियतकालिकाच्या नावावरूनच त्याची प्रत कळते, आणि असा लेख ६.८ च्या शेजारी लावला की त्या अर्जातल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. लेख नसलेला बरा. गुणपत्रकात फेरफार करून देणाऱ्यांचे नाव तर काढूच नये. गुणपत्रके पडताळणीसाठी विद्यापीठाकडूनच थेट मागवली जातात आणि लबाडी उघड झाली तर प्रवेश मिळाल्यानंतरही रद्द होतो.

शिफारसपत्रांविषयी विद्यार्थी जितका विचार करतात त्याच्या कितीतरी पट करायला हवा, आणि मी टेबलाच्या या बाजूला बसते म्हणून हे ठासून सांगू शकते. आपल्याकडे रीत अशी पडली आहे की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग मुलगा एका रात्रीत तीन पत्रे लिहितो, तिन्हींत तोच 'कष्टाळू आणि नम्र' विद्यार्थी असतो, तिन्हींत त्याच चुका असतात. वाचणाऱ्याला तीन वेगळे साक्षीदार हवे असतात. त्याला एकच माणूस तीन टोप्या घालून भेटतो. चांगले गुण असलेल्याचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याचा आकडा बोलतो. मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याचे मात्र यात मोठे नुकसान होते, कारण आकड्याच्या पलीकडचे जे सांगायचे ते सांगण्याची सर्वांत विश्वासार्ह जागा तो वाया घालवतो.

अमेरिकी विद्यापीठांकडून शिफारसकर्त्याच्या कार्यालयीन ईमेलवर दुवा येतो. पत्राआधी एक तक्ता भरायचा असतो: विषयाचे ज्ञान, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता, लेखन, चिकाटी, आणि प्रत्येकासमोर वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत असे रकाने. ६.८ वाल्यासाठी सगळ्या ओळींत 'वरच्या ५ टक्क्यांत' अशी खूण करणे मला शक्य नसते, आणि मी ती केली तर गुणपत्रक शेजारी ठेवून वाचणारा माझ्या पत्राला केराची टोपली दाखवेल. पण चिकाटीसमोर ती खूण मी निःशंकपणे केलेली आहे, आणि मग पत्रात ती का केली हे लिहिले आहे: परीक्षेत पडल्यावर हा मुलगा दर शुक्रवारी सोडवलेली गणिते घेऊन येत असे, चुकलेले पान फाडून टाकत नसे, त्याच पानावर लाल शाईने दुरुस्ती करत असे. ज्ञानाच्या ओळीत २५ टक्क्यांची खूण आणि चिकाटीच्या ओळीत ५ टक्क्यांची, असा तक्ता खरा वाटतो. म्हणून शिफारस मागायला जाताना ज्या विषयात सर्वाधिक गुण मिळाले त्याच्या प्राध्यापकाकडे जावेच, पण ज्याने तुम्हाला धडपडताना पाहिले आहे त्याला विसरू नये. अर्जात पत्र पाहण्याचा आपला हक्क सोडण्याविषयी विचारतात; अमेरिकेतील १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क दिला आहे. तो सोडावा, नाहीतर पत्राचे वजन घटते.

जीआरईचे थोडक्यात आटोपते. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा एक तास ५८ मिनिटांची झाली आहे, गुण पाच वर्षे चालतात, आणि अनेक दिलेल्यांपैकी कोणत्या परीक्षेचे गुण पाठवायचे हे आपण ठरवू शकतो. बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली आहे, पण 'ऐच्छिक' हा शब्द मध्यम सीजीपीएवाल्याने स्वतःला लागू करून घेऊ नये. गणित कच्चे असल्याचा संशय गुणपत्रकातून येत असेल तर क्वांटमधले, म्हणजे जीआरईच्या गणिताच्या भागातले, १६५ च्या पुढचे गुण तो कमी करतात. केवळ जीआरईच्या जोरावर मात्र काही होत नाही. क्वांटमध्ये उत्तम गुण असलेले भारतीय अभियंते पैशाला पासरी आहेत.

विद्यापीठांची यादी करताना सल्लागार कंपन्यांच्या 'सेफ, मॉडरेट, अ‍ॅम्बिशस' या तीन कप्प्यांवर विसंबू नये. यांतल्या काहींना विद्यापीठांकडून दलाली मिळते, आणि त्यांचे 'सेफ' तुमच्यासाठी सेफ की त्यांच्यासाठी, हे विचारायला हवे. एकेका अर्जाला ७५ ते १५० डॉलर पडतात, म्हणजे दहा-बारा अर्जांत लाखाच्या घरात रक्कम जाते. त्यापेक्षा विभागाचे पान उघडून किमान गुणांची अट 'आवश्यक' आहे की 'अपेक्षित' हे वाचावे, ती अट एकूण सीजीपीएला आहे की शेवटच्या दोन वर्षांना हे पाहावे, आणि खात्री नसेल तर विभागाच्या कार्यालयाला तीन ओळींची ईमेल करून विचारावे. उत्तर येते. आणखी एक कटू गोष्ट म्हणजे मध्यम सीजीपीएवर पहिल्याच सत्रात असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करून मिळणारे अर्थसाहाय्य, मिळण्याची आशा धरून कर्जाचा हिशेब मांडू नये. पूर्ण शुल्क धरूनच मांडावा, आणि तो पेलत नसेल तर ऑनलाइनचे जे मार्ग वर सांगितले त्यांकडे नव्याने पाहावे.

राहिला प्रश्न वर्षाचा. पुराव्याला वेळ लागतो, आणि शेवटच्या वर्षात असतानाच डिसेंबरच्या मुदतीत अर्ज करणाऱ्याकडे तो नसतो. "गॅप पडेल, लोक काय म्हणतील," ही पालकांची भीती मी समजू शकते, पण एक-दोन वर्षे नोकरी करून अर्ज करणाऱ्याला अमेरिकेत कोणी गॅप पडला असे म्हणत नाही. त्यांच्या वर्गात असे पुष्कळ बसलेले असतात. स्पिंडलवाल्या मुलाने दोन वर्षे नोकरी केल्यानंतर अर्ज केला. जिथे आकड्याची चाळणी होती तिथून नकार आले, त्याला सर्वांत हव्या असलेल्या विद्यापीठातूनही आला. ज्या दोन विभागांत कंपनशास्त्राची प्रयोगशाळा होती त्या दोन्हींतून प्रवेश मिळाला. शेवटच्या सत्रांत गुण चढलेले आणि पायाभूत विषय पक्के असलेले विद्यार्थी मात्र थांबले नाहीत तरी चालते.

माझ्याकडून पत्र हवे असेल तर सप्टेंबरअखेरपर्यंत या. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सर्व सत्रांच्या अधिकृत एकत्रित गुणपत्रकासाठी, विद्यापीठाकडे अर्ज आधीच केलेला असावा, कारण डिसेंबरच्या तोंडावर तिथे गर्दी होते. येताना गुणपत्रकांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती, विषय आणि गुण समोरासमोर मांडलेला तो कागद, आणि माझ्या तासाला किंवा प्रयोगशाळेत तुम्ही केलेल्या कोणत्याही एका कामाची वही आणा. पत्राचा मसुदा लिहून आणू नका.